नुसतं रबर मिळेल का?

मे महिना संपत आला की भिवंडीत मागवाले छपरावर ताडपत्री ओढतात, आणि आमचे तात्या कल्याण नाक्यापासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत स्पेअर पार्ट्सची दुकानं पालथी घालतात. प्रश्न दरवर्षी तोच.

"नुसतं रबर मिळेल का?"

दुकानदार वर न बघता सांगतो, "चाचा, खाली रबर नहीं आता. पूरा वायपर लेना पडेगा."

"क्यूं नहीं आता? लोखंड को क्या हुआ? झिजा है वो तो रबर है!"

तात्यांसारखा एक तरी माणूस प्रत्येक आळीत असतो. वस्तूचा जेवढा भाग झिजला तेवढाच बदलायचा, हा त्याचा धर्म. कुकरची रिंग, मिक्सरचं कपलर, छत्रीची काडी, चपलेचा अंगठा यांवाचून त्याचं पान हलत नाही. तात्यांच्या चष्म्याची एक दांडी काळी आहे आणि दुसरी तपकिरी. मिक्सरचं भांडं एका कंपनीचं, झाकण दुसऱ्या कंपनीचं, आणि मोटर कुणाची ते आता मोटरलाही आठवत नसेल. काकू म्हणतात, "आमच्या लग्नातलं मूळचं असं आता आम्ही दोघंच उरलोय."

दुसरा नियम त्याहून कडक. जुना भाग परत घ्यायचा. मेकॅनिकने जुना ऑइल फिल्टर टाकून दिला, तर तात्या तो कचऱ्यातून शोधायला लावतात. वायपरची जुनी रबरंही घरातच नांदतात. मोरीच्या दाराखाली झुरळं अडवायला एक, खिडकीचं तावदान खडखडू नये म्हणून एक, आणि तोंडल्याचा वेल बांधायला तीन.

हे वेड त्यांनी कमावलं ते मागावर. तीसेक वर्षं ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कितीतरी माग भिवंडीने उचलले आणि पुढची कित्येक वर्षं पळवले. मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारणाऱ्या धोट्याला दर वेळी पिकरचा तडाखा बसतो. चामड्याचा पिकर फाटतो, धोट्याचं टोक बोथट होतं, ते बदललं की माग पुन्हा खटॅक-खटॅक सुरू. "पिकर फाटला म्हणून कुणी माग भंगारात घातला का?" हा तात्यांचा सवाल. दुकानदाराकडे याला उत्तर नसतं, आणि रबरही नसतं.

गाडी अर्थातच मारुती ८००. हे मॉडेल १९८३ मध्ये रस्त्यावर आलं आणि २०१४ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं, पण तात्यांना कंपनीचा तो निर्णय मान्य नाही. पंधरा वर्षं झाल्यावर त्यांनी ठाण्याच्या आरटीओत जाऊन फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला. "सरकारला एवढे दिले, आता वायपरवाल्यालाही द्यायचे?"

शेवटी कुठल्यातरी कळकट दुकानाच्या माळ्यावर रबर मिळतंच. मग रविवारी सकाळी शस्त्रक्रिया. मी मदतनीस, म्हणजे पक्कड हातात देणारा.

आधी काचेवर गोधडीची घडी. ब्लेड काढलेला आर्म स्प्रिंगच्या जोराने आपटला तर काचेला तडा जातो. मग क्लिप दाबून ब्लेड सुटा करायचा, खाचेच्या बाजूने जुनं रबर ओढून काढायचं. त्याबरोबर दोन बारीक पोलादी पत्त्या निघतात. "खरा जीव यांच्यात आहे," तात्या कुजबुजतात. पत्त्यांचा बाक होता तसाच ठेवून त्या नव्या रबराच्या खोबणीत बसवायच्या, रबराला साबणाचं पाणी लावून ते एकेका नखीतून सरकवायचं, आणि शेवटची नखी खाचेत अडकल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. नाहीतर पहिल्याच पावसात रबर माणकोलीला आणि आपण ठाण्याला.

"रबर वळलं पाहिजे," तात्या समजावतात. "जाताना त्याची कड एका बाजूला कलते, येताना दुसऱ्या बाजूला. उन्हाने कडक झालं की वळत नाही, मग कर्र-कर्र ओरडतं. माणसाचंही तसंच असतं." एवढं बोलून ते घरात बघतात आणि आवाज खाली आणतात.

ऊन लागू नये म्हणून दिवाळीनंतर ते ब्लेड काढून धोतराच्या फडक्यात गुंडाळतात आणि कपाटात ठेवतात. मी त्यांना सांगितलं की गाडीच्या आतून दांडा ओढून काच पुसायच्या यंत्राचं पेटंट १९०३ मध्ये अमेरिकेतल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईने घेतलं होतं, आणि गरज संपली की ते यंत्र काढून ठेवता येई. तात्यांनी दोन्ही हात जोडले. "शहाणी बाई! रबर वेगळं मिळायचं का तिच्याकडे?"

एका वर्षी मात्र घोटाळा झाला. नवं रबर टाकून आम्ही ठाण्याला निघालो. माणकोलीजवळ एका कंटेनरने चिखलाचा फवारा उडवला, वायपर दोनदा फिरला, काच लख्ख.

"धूसरच आहे," तात्या म्हणाले.

मला पुढच्या ट्रकवरचं 'बुरी नजरवाले' शेवटपर्यंत वाचता येत होतं. "तात्या, साफ दिसतंय की."

"रबर बोगस निघालं. आणि काय रे, पुढे ट्रक आहे का?"

बाकीचा प्रवास मी सीटची कड धरून केला.

पंधरवड्याने दुसरं रबर आलं. मग तिसरं. काचेवर बटाटा चोळून झाला, तंबाखू चोळून झाली. धूसर ते धूसरच. शेवटी मुलाने ऑनलाइन नवे, बिनसांगाड्याचे वायपर मागवले. आता देशभरचा माल भिवंडीच्या गोदामांतून जातो. हे पार्सल तीन दिवस 'भिवंडीत आहे' असं मोबाइल सांगत होता, आणि तात्याही भिवंडीतच होते, पण भेट होत नव्हती. चौथ्या दिवशी ते आलं. तात्यांनी वायपर उलटसुलट करून पाहिला.

"याचं रबर निघतं का?"

"नाही बाबा."

"मग पाठव परत."

दिवाळी झाली. ब्लेड कपाटात गेले. कोरड्या ठणठणीत रस्त्यावर तात्या म्हणाले, "काच धूसर आहे." तेव्हा काकूंना काय ते कळलं. त्यांनी तात्यांना रिक्षात घातलं आणि ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही चांगला पिकलेला.

ऑपरेशन म्हटल्यावर तात्या खचले. डॉक्टर समजूत घालत म्हणाले, "घाबरू नका. डोळा तुमचा तुम्हालाच राहतो. आतलं भिंग तेवढं बदलायचं."

तात्या ताठ बसले. "नुसतं भिंग मिळतं?"

"मिळतं ना."

अख्ख्या आळीला तात्यांनी हे ऐकवलं. डॉक्टर असावा तर असा. पूर्ण डोळा घ्यावा लागेल म्हणाला नाही.

पट्टी निघाली त्या दिवशी मी भेटायला गेलो. भिंतीवरचं कॅलेंडर तात्या लांबून घडाघडा वाचत होते. मारुतीची काचही आता स्वच्छ दिसते म्हणाले, रबरं तिन्ही चांगली होती, उगाच बदनाम झाली. तरी चेहऱ्यावर काहीतरी सलत होतं.

"काय झालं तात्या? दुखतंय का?"

"दुखत नाही रे. जुनं भिंग मागितलं, तर म्हणाले आतल्या आत फोडून ओढून घेतलं." त्यांनी काळा चष्मा सारखा केला. "काम चोख आहे. पण जुना माल परत देत नाहीत."