नरोटीमाहात्म्य

आमच्या सोसायटीतले काका बँकेतून निवृत्त झाले असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. बँकेत असताना ते दहाला जात आणि सहाला घरी येत. आता त्यांचं काम पहाटे पाचला सुरू होतं. उगवता सूर्य, सूर्यावर गुलाब, गुलाबावर दवबिंदू आणि दवबिंदूवर जागा उरलीच तर एक सुविचार, अशी पहिली रवानगी होते. मग ओळीने आरोग्य, अध्यात्म, इतिहास, बँकेचे नवे नियम (२०१६ सालचे), हरवलेला मुलगा (सापडून आता कॉलेजात जाणारा) आणि रात्री साडेदहाला शुभरात्रीचा चंद्र. मध्ये दुपारची वामकुक्षी सोडली तर खंड नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतकी वर्दळ झाली, की पाणी कधी जाणार हे कोणाला सापडेना, म्हणून 'फक्त महत्त्वाचे' असा दुसरा ग्रुप काढण्यात आला. त्याचे अॅडमिन काकाच आहेत.

गेल्या गणपतीत त्यांचा पुतण्या बंगळुरूहून आला होता. तो तिकडे कुठल्याशा कंपनीत याच कामाचा पगार घेतो. काकांचा फोन चाळून तो म्हणाला, "काका, तुम्ही कंटेंट क्युरेट करता." काकांना आधी तो एखादा विकार वाटला. मग पुतण्याने समजावलं, की इंटरनेटच्या ढिगाऱ्यातून निवडून लोकांपुढे ठेवण्याला तसं म्हणतात, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाच्या मुळाशी 'काळजी' आहे. काका गहिवरले. कारण त्यांचं ठरलेलं वाक्यच ते आहे : "खरं-खोटं माहीत नाही, काळजी म्हणून पाठवतोय." दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोटोखाली 'कंटेंट क्युरेटर (मानद)' अशी पाटी लागली.

संग्रहालयात हे काम करणाऱ्याला मराठीत अभिरक्षक म्हणतात. वस्तू निवडायची, जपायची आणि ती कुठली, कधीची, कोणाची याची चिठ्ठी तिच्याखाली लावायची. पुण्याच्या दिनकर केळकरांनी त्यापायी गावोगाव हिंडून दिवे आणि अडकित्ते जमवले आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. ही जुनी रीत झाली. तिच्यात चपला झिजतात. काकांची पद्धत बैठी आहे.

काकांचं मोठेपण नीट कळायला मात्र पैठणला जावं लागेल. मराठी मुलखात या धंद्याचे जे दोन आद्य पुरुष, ते दोघेही तिथलेच.

पहिला हाल, सातवाहन राजा. पैठण तेव्हा प्रतिष्ठान होतं. लोकांच्या तोंडी असलेल्या माहाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा त्याने गोळा केल्या आणि त्यातून 'गाथासप्तशती' केली. ग्रंथाच्या सुरुवातीलाच अभिमानाने सांगितलंय, की कोटीभर गाथांमधून या सातशे निवडल्या. हिशेब करा. ९९ लाख ९९ हजार ३०० गाथा एका राजाने घरी पाठवल्या! त्या कवींच्या मनाचा काही विचार? काकांनी आजवर एकही मजकूर नाकारलेला नाही. जे आलं ते गेलं. पोथ्यांमधून आणि टीकांमधून अनेक गाथांवर कवींची नावंही टिकून राहिली आहेत, रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा बायकांची सुद्धा. शेतातल्या गड्याच्या आणि पाणवठ्यावरच्या बाईच्या चार गोष्टी, त्यावर कोणाचं नाव टिकवायची काय गरज होती? नावामुळे मजकूर लांबतो आणि मग 'अधिक वाचा' दाबावं लागतं.

दुसरे एकनाथ. त्यांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ची. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं ती हातांनी उतरवली जात होती, म्हणजे आजच्या भाषेत फॉरवर्ड होत होती. उतरवणाऱ्याला वाटलं तिथे त्याने एखादी ओवी घातली, न कळलेला शब्द बदलला, कळलेला सुधारला. ग्रंथ कसा भरभरून वाढत होता. अशा जित्याजागत्या ग्रुपमध्ये नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, हात घातला. प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या, मागाहून शिरलेलं वेचून बाहेर काढलं. स्वतः ओव्या रचण्यात कमी होते असंही नाही, पण ज्ञानदेवांच्या मजकुरात त्यांनी आपली भर घातली नाही. उलट शेवटी बजावून ठेवलं, की यात यापुढे जो स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नारळाची नरोटी ठेवली असं समजावं.

काकांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "नरोटी म्हणजे करवंटीच ना? मग वाईट काय त्यात?" मला उत्तर सुचलं नाही. करवंटी बंबात जळते, तिचा डाव होतो, भिकाऱ्याचं पात्र होतं. अमृत कोणी पाहिलंय? आमच्या ग्रुपवर अमृत टाकलं तर एक अंगठा येत नाही, आणि नरोटी टाकली की तासाभरात पंचवीस हात जोडलेले दिसतात. नाथांपुढे ही आकडेवारी नव्हती. असती तर त्यांनी इतके कष्ट घेतले नसते असं काकांचं मत पडलं.

तिसरं नाव अलीकडचं घेतो आणि पुढे जातो : 'सत्यकथा'चे संपादक श्री. पु. भागवत. हे गृहस्थ लेखकाला पुन्हा लिहायला लावायचे, लांब पत्रं पाठवायचे, आणि नाहीच जमलं तर लिखाण 'साभार परत'. मासिक १९८२ साली बंद पडलं, ते अर्थातच पडायचं होतं. काकांनी त्या दोन शब्दांतला 'परत' काढून टाकला. आता फक्त 'साभार' उरलंय. "व्हॉट्सॲपवरून साभार." हे म्हणजे बाजारातून पाकीट मारायचं आणि वर बाजाराचे आभार मानायचे, असं कोणी कोत्या मनाचा माणूस म्हणेल.

नाव अजिबातच नको असं काकांचं म्हणणं नाही. हा त्यांच्यावरचा अन्याय होईल. नाव पाहिजे, फक्त ते मजकुराला शोभणारं पाहिजे. त्यांची एक घडी बसलेली आहे. हसू आलं तर पु. ल. देशपांडे. पाऊस, पत्नी किंवा प्राजक्त असला तर व. पु. काळे. मजकूर रागावून अंगावर येत असेल तर नाना पाटेकर. विद्यार्थ्यांना उपदेश असेल तर अब्दुल कलाम, आणि बायकांना असेल तर चाणक्य. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले आणि व्हॉट्सॲप २००९ साली निघालं, पण आमच्या ग्रुपवर पु. लं.चे ऑनलाइन शाळेवर दोन लेख आहेत, एक लस घेण्यावर आहे आणि एक एअर फ्रायरवर. हयातीत त्यांनी एवढा उरक दाखवला नव्हता. मानधनाचा प्रश्न नाही, मुद्रितं तपासायला नकोत. मी एकदा काकांना तारखा दाखवल्या. ते म्हणाले, "अरे, आज असते तर त्यांनी हेच लिहिलं असतं." याला प्रतिभा म्हणतात. संशोधक फार तर लेखकाने काय लिहिलं ते शोधून काढतो.

काकांचा सगळ्यात आवडता नग म्हणजे दिवाळीच्या रात्रीचा भारत, नासाने अवकाशातून टिपलेला. काळ्या पार्श्वभूमीवर आपला देश पांढऱ्या, निळ्या, हिरव्या आणि लाल ठिपक्यांनी लखलखतोय. गेली बारा वर्षं तो वसुबारसेला येतो. कोण्या अरसिकाच्या आग्रहावरून मी त्याचं मूळ शोधलं. ते एका रात्रीचं छायाचित्रच नाही. अमेरिकेच्या हवामान आणि सागर संशोधन संस्थेतल्या ख्रिस एल्विज नावाच्या शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या नोंदी एकावर एक रचून २००३ साली ते चित्र तयार केलं. शहरं कशी पसरत गेली हे त्याला दाखवायचं होतं. पांढरे दिवे १९९२च्या आधीचे, निळे १९९२ साली दिसू लागलेले, हिरवे १९९८ साली आणि लाल २००३ साली. म्हणजे तो लाल ठिपका ही कोणाची पणती नाही, तिथे दहा-अकरा वर्षांत एक वस्ती उभी राहिली आहे. खरी दिवाळी तर वरून वेगळी दिसतसुद्धा नाही. रोजच्या दिव्यांपुढे पणत्या-फटाक्यांचा उजेड किरकोळ ठरतो. नासाने २०१२ साली हे सगळं खुलासेवार मांडलं.

आता सांगा, आपल्या तालुक्याचं गाव अकरा वर्षांत किती वाढलं हे नकाशावर ओळखत बसण्यात कोणाला आनंद आहे? काकांनी त्यावरची रूक्ष तळटीप काढली, एक ओळ घातली आणि संपूर्ण देशाला फराळाला बसवलं. शास्त्रज्ञाला जे चार रंगांत सांगता आलं नाही ते त्यांनी चार शब्दांत सांगितलं. खुलासा मी ग्रुपवर टाकला होता. त्याखाली एक जण 'धन्यवाद सर' म्हणाले, आणि त्यांनीच दोन मिनिटांनी तो फोटो पुन्हा टाकला.

या कलेला व्हॉट्सॲप कंपनीकडून त्रासही बराच झाला. १ जुलै २०१८चा रविवार होता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा मजकूर त्या दिवसांत फोनाफोनी हिंडत होता. लोकांनी त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारलं. पाचही मेले. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला त्यांनी कोणावर हात उचलला नव्हता. अंगठा उचलला होता, आणि तोही काळजीपोटी.

त्याच महिन्यात कंपनीने पुढे ढकललेल्या मजकुरावर 'फॉरवर्डेड' असा शिक्का मारायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं जाहीर केलं. जानेवारी २०१९ मध्ये तीच मर्यादा जगाला लावली. एप्रिल २०२० मध्ये तर फारच फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी, असा नियम आला. काकांना हे फार लागलं. आयुष्यभर रोख मोजणाऱ्या माणसाला पाचावर आणायचं आणि मग एकावर! पण खरा निवडकर्ता साधनांवर अडत नाही. काका आता मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवतात. शिक्का पडत नाही, मर्यादा लागत नाही, आणि मजकूर ताजा, घरचा वाटतो.

इथवर मी त्रयस्थपणे लिहीत आलो, पण माझाही या कलेशी संबंध आला आहे आणि तो लपवणं बरं नाही. चौदा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी वडिलांवर लेख लिहिला होता. वडील एसटीत कंडक्टर होते. रिकाम्या गाडीतून परत येताना ते तिकिटाचा पंच नुसताच वाजवत बसत, त्या आवाजाबद्दल तो होता. लेख कोणी वाचला नाही. चार वर्षांनी तो काकांकडून मला आला. नाव गेलं होतं, शेवटी 'ज्याने कोणी लिहिलंय त्याला सलाम' असं होतं. मी सलाम स्वीकारला. दुसऱ्या फेरीत वडील ड्रायव्हर झाले होते. तिसऱ्या फेरीत ते घाटात अपघात टाळताना वारले आणि शेवटी आईवर एक परिच्छेद आला. वडील आमच्याकडेच राहतात आणि त्या ग्रुपवर आहेत. त्यांनी तो लेख वाचला आणि खाली लिहिलं, 'डोळ्यांत पाणी आलं. भावपूर्ण श्रद्धांजली.'

यंदा गुढीपाडव्याला तो चौथ्यांदा आला. आता खाली व. पु. काळे आहेत. माझ्याच्याने राहवलं नाही. हा लेख माझा आहे, असं मी ग्रुपवर लिहिलं. पाच मिनिटं शांतता होती. मग सेक्रेटरींनी लिहिलं, की दुसऱ्याचं साहित्य स्वतःच्या नावावर खपवणं आपल्या सोसायटीला शोभत नाही. त्याला एकोणीस अंगठे मिळाले, त्यातला एक वडिलांचा. त्यांचं म्हणणं असं, की व. पुं.च्या लेखात तो माणूस ड्रायव्हर आहे. काकांनी मात्र मोठ्या मनाने मध्यस्थी केली. ते म्हणाले, "जाऊ द्या, लिहिणारा कोण हे गौण आहे. विचार महत्त्वाचा." आणि लेख आणखी तीन ग्रुपवर पाठवला.

तो दिवाळी अंक घर बदलताना रद्दीत गेला. मूळ हस्तलिखित नाही, आणि अंक काढणारेही आता तो काढत नाहीत. तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर चौदा वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक असतील, आणि त्यातल्या एखाद्यात तिकिटाच्या पंचवर लेख सापडला, तर त्या पानाचा फोटो काढून कृपया माझ्याकडे पाठवावा. नावाची ओळ नीट दिसेल असा काढावा. आणि कृपया थेट पाठवावा, ग्रुपवर टाकू नये.