ठराव सर्वानुमते मंजूर

उल्हासनगरात कॅम्प तीनमधल्या एका जुन्या सोसायटीने ड्रेनेज लाइन न बदलण्याचा जो दूरदर्शी ठराव केला, त्याचे कौतुक करावे तितके थोडे. १९४९ साली लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले तेव्हाही नाव तेवढे बदलले, बराकी त्याच राहिल्या. शहराची परंपराच ती.

पावसाळ्यात तळमजल्याच्या मोरीतून तिसऱ्या मजल्यावरचा भात वर येतो, हे खरे. पण त्यामुळेच कोणाकडे काय शिजले ते समजते. एरवी हल्ली शेजारी बोलतात कुठे? शिवाय नवा पाइप टाकून मैला नेणार कुठे? वालधुनीतच ना! जिच्या काठी अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर उभे आहे, तिला आणखी त्रास नको, म्हणून रहिवाशांनी सगळे अंगणातच जिरवायचे ठरवले. याहून मोठी नदीसेवा कोणती?

दोघाचौघा हट्टी सभासदांच्या समाधानासाठी कॅमेरा घालून तपासणीही झाली. चार फुटांवर पाइप संपला. पुढे नुसती माती. ठरावात तत्काळ दुरुस्ती करण्यात आली: जी लाइन अस्तित्वातच नाही, ती बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सबब, तिच्या देखभालीची वर्गणी पूर्ववत चालू राहील.