मधला भाग गिलाव्याचा

पाहुणे आले की आम्ही त्यांना बीबी का मकबरा दाखवतो. वेरूळला न्यायचं तर गाडी करावी लागते, अजिंठ्याला अख्खा दिवस मोडतो. मकबरा कसा रिक्षाच्या अंतरावर आहे आणि माणशी २५ रुपयांत उरकतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणून आमचे चिरंजीव गेली दोन वर्षं तिकिटाच्या खिडकीपाशी आले की गुडघे वाकवून चालतात.

दिवाळीनंतर नाशिकचे मेहुणे सहकुटुंब आले. नेहमीप्रमाणे मकबरा झाला. तिथे गाइडनं सांगितलं की शहजादा आझमशहाच्या आईच्या आठवणीत ही इमारत बांधली गेली. ती १६६१ च्या सुमारास पुरी झाली आणि तिला ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे खर्च आला. मेहुण्यांनी घुमटाकडे पाहिलं, मेहुणीनं मोबाइलमध्ये स्वतःकडे पाहिलं. मी मात्र त्या सात आण्यांपाशी अडकलो. ताजमहालाला तीन कोटींच्या वर लागले म्हणतात. त्याचे आणे कुणी सांगत नाही. इकडे सहा-सात लाखांत ताजमहाल बसवला आणि वरचे सात आणेही टिपून ठेवले. याला म्हणतात घर चालवणं!

"आपल्याकडे असा हिशोब का नाही?" मी सौ.ला विचारलं.

"आहे की," ती म्हणाली. "डायरी आहे. एकोणीस वर्षं लिहितेय."

मी लक्ष दिलं नाही. नवी राजवट आली की जुनी दप्तरं कुणी उघडत नाही.

त्याच रात्री घरात बैठक बोलावली. प्रास्ताविकात मी सांगितलं की काटकसर ही या मातीची परंपरा आहे. आपला हिमरू घ्या. किनखापात सोन्याचांदीची जर, तो परवडेना म्हणून सूत आणि रेशीम घालून त्याच्यासारखं दिसणारं कापड विणलं. 'हमरू' म्हणजेच सारखं दिसणारं. आपला मकबरा घ्या. पायाशी संगमरवर, माथ्यावरच्या घुमटाला संगमरवर आणि मधला भाग साधा काळा पाषाण, त्यावर घोटीव चुन्याचा गिलावा. लांबून कळतसुद्धा नाही. खुद्द आलमगीर औरंगजेब बादशहाच्या काटकसरीचीही एक गोष्ट खुलताबादला सांगतात, पण तो विषय सध्या फार महाग झाला आहे. तेव्हा काटकसर म्हणून मी तो घेतला नाही.

"आणि तुघलक?" चिरंजीवांनी विचारलं. त्यांना या वर्षी इतिहासात तोच आला होता. "त्यानंही चांदी वाचवायला तांब्या-पितळेची नाणी काढली होती. लोकांनी घरोघरी टाकसाळी घातल्या. मग ती खोटी नाणी परत घेऊन खजिन्यातून खरी चांदी मोजावी लागली."

"दौलताबाद इथून किती लांब आहे?" सौ.नं सहज विचारलं.

"पंधरा किलोमीटर."

"तरीच," ती म्हणाली. तेव्हापासून आमच्या योजनेला घरात तुघलकी हेच नाव पडलं.

पहिला ठराव पेपर बंद करण्याचा आला. ज्या पेपरात हे सदर छापून येतं, तोच. मी विरोध नोंदवला. महिन्याच्या रद्दीला जे येतं ते बाबांच्या मानधनापेक्षा फार कमी नाही, असं चिरंजीवांनी सोदाहरण दाखवून दिल्यावर ठराव बारगळला. पेपर रद्दीसाठी चालू आहे.

मग विजेला हात घातला. महावितरणच्या बिलात शंभर युनिटपर्यंत एक दर असतो आणि एकशेएकाव्या युनिटपासून वरचा दर लागतो, हे मी सगळ्यांना समजावलं. रोज रात्री घरभर फिरून भिंतीतले चार्जर उपसायला लागलो. आईच्या खोलीबाहेर बोळात एक छोटा दिवा रात्रभर असायचा, तो काढला.

तिसऱ्या रात्री बोळातून "अगं आई गं!" ऐकू आलं. आईचा अंगठा पाण्याच्या ड्रमवर आपटला होता.

"कामून अंधार केलास रे?" आई म्हणाली. "गावाकडं चिमणी होती, तिचं रॉकेल संपायचं. ह्या दिव्याचं काय संपू लागलं?"

चिरंजीवांनी कागद घेतला. नऊ वॅटचा दिवा, रात्रीचे आठ तास, महिन्याला दोन युनिट. नुसता अडकवलेला चार्जर पाव वॅट खातो. महिनाभर काढला नाही तरी एका युनिटचा पाचवा हिस्साही होत नाही. छताचा जुना पंखा पाऊणशे वॅटचा, तेरा तासांत एक युनिट. आणि गीझर दोन हजार वॅटचा, अर्ध्या तासात एक युनिट.

"बाबा, गीझर लावून पेपर वाचत कोण बसतं?"

हल्लीच्या अभ्यासक्रमात संस्कारांना जागाच उरलेली नाही. मी पुढचा विषय घेतला.

पुढचा विषय भाजी. आमच्या टीव्ही सेंटर भागात दारात मिळते ती महाग, असं माझं मत पडलं. म्हणून रविवारी संध्याकाळी जाफर गेटचा आठवडी बाजार गाठला. तिथलं गणित मला एका जाणत्यानं सांगितलं होतं: दिवस कलला की भाव उतरतो, कारण विकणाऱ्याला उरलेला माल परत न्यायचा नसतो. ते शंभर टक्के खरं निघालं. सकाळी वीसची मेथी संध्याकाळी पाचला झाली. मी बारा जुड्या घेतल्या. टोमॅटोही पाच किलो घेतले. पिशव्या फार होतील म्हणून गाडीनंच गेलो होतो. पार्किंगसाठी तीन चकरा मारल्या आणि येताना गुलमंडीवर इमरती घेतली, कारण वाचलेल्या पैशांचा थोडा आनंद कुटुंबालाही मिळायला हवा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कोंबडीपुरतीच आहे, मेथीला ती लागू नाही, असा माझा समज होता.

रात्री अकरापर्यंत सौ. मेथी निवडत होती. सोमवारी भाजी, मंगळवारी पराठे, बुधवारी मेथीचं पिठलं. गुरुवारी आईनं उपास धरला. तिचा गुरुवार नसतो.

मग आला पाण्याचा मुद्दा. या शहरात पाण्यावर काटकसरीची व्याख्यानं देणं म्हणजे उपाशी माणसाला डाएट सांगणं. तिकडे पैठणला नाथसागर भरला की आम्ही कौतुकानं धरणाचे दरवाजे बघायला जातो. पाणी आमच्याकडे यायचं तेव्हाच येतं. मग सौ. पहाटे गजर लावून उठते आणि टाकी, ड्रम, बादल्या, पिंप, कुकरपर्यंत सगळं भरून घेते. थेंबे थेंबे तळे साचे हे सुभाषित असेल, आमच्या गल्लीत ते वेळापत्रक आहे. २०२२ साली महापालिकेनं वर्षाची पाणीपट्टी ४०५० वरून २०२५ रुपयांवर आणली. मराठी माणसाला एवढी मोठी सूट साड्यांच्या सेलमध्येही मिळत नाही. पट्टी निम्मी झाली. पाणी आधीच निम्मं होतं, त्यामुळे व्यवहार चोख झाला. वाचलेले पैसे आम्ही टँकरवाल्याला देतो.

म्हणून मी सगळ्यांना एका रविवारी पाणचक्कीला नेलं. मलिक अंबरच्या काळापासून या शहरात जमिनीखालून नहरींनी पाणी खेळत होतं. पाणचक्कीचं पाणीही असंच लांबून मातीच्या नळांतून आणलं आणि १७४४ च्या सुमाराला त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरवून दळण दळलं. मोटर नाही, वीज नाही, बिल नाही. उंचावरचं पाणी सखल भागाकडे येतं, एवढ्या एका नियमावर सगळं चाललं होतं.

"मग आता काय झालं?" चिरंजीवांनी विचारलं.

"आता योजना झाली," मी म्हणालो.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण पाणचक्कीजवळच सुचली असावी, असं मला त्या क्षणी वाटलं. पण त्यावर अधिक बोलायचं तर स्वतंत्र सदर लागेल आणि त्याचं मानधन किती, ते वर आलंच आहे.

प्रवासखर्चात मात्र खरी बचत झाली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही. आमची आई अठ्ठ्याहत्तरची. म्हणजे दोघींच्या प्रवासाला मिळून अर्धं तिकीट. इतकी बचत पाहून दोघींनी एका महिन्यात जालना, परभणी आणि लातूर अशी तीन लग्नं केली. पूर्वी आम्ही अशा लग्नांना फोनवरून आशीर्वाद द्यायचो. आता प्रत्यक्ष जावं लागतं, आणि आहेराला सवलत नाही.

इतकं करूनही महिनाअखेर हाताशी काही शिल्लक दिसेना. तेव्हा चिरंजीवांनी शेवटचा, मोठा मार्ग सुचवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरला आहे. साबण, शांपू, टूथपेस्ट अठरावरून पाच टक्क्यांवर आले आणि बत्तीस इंचांवरचे टीव्ही अठ्ठावीसवरून अठरावर. सरकारनंच त्याला बचत उत्सव म्हटलं.

"साबणात आपण किती वाचवणार बाबा? महिन्याला चार वड्या. वाचवायचंच तर टीव्हीत वाचवू."

मुद्दा बिनतोड होता. आमचा टीव्ही चालू होता, पण बत्तीस इंचांचा. त्याच्यावर बचत होण्याची शक्यताच नव्हती. पंचावन्न इंची घेतला. पूर्वी १२८ ला पडणारी वस्तू ११८ ला, म्हणजे शंभरामागे जवळजवळ आठ रुपये वाचले. ते आठ वाचवण्यासाठी उरलेले ब्याण्णव आम्ही बिनव्याजी हप्त्यांवर घालवले. टीव्ही हॉलमध्ये लावला. त्याच्यासमोर जुना सोफा कळकट दिसायला लागला, म्हणून त्याचीही कव्हरं बदलली. मेहुण्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते "वा!" म्हणाले.

महिन्याच्या एकतीस तारखेला मी मोठ्या थाटात हिशोब मांडायला बसलो. विजेचे जेमतेम काही रुपये वाचले. जाफर गेटला १८० वाचले, त्यातून पेट्रोल आणि इमरती वजा करता उणे ११०. एसटीत ७०० वाचले, आहेरात ३००० गेले. टीव्ही आणि कव्हरं मी 'भांडवली खर्च' या सदरात टाकली, म्हणजे ती दिसत नाहीत. तरीही सात आणे कुठेच जमेनात. म्हणून शेवटी सौ.ची डायरी मागितली.

ती डायरी म्हणजे बँकेकडून फुकट मिळालेली, दरवर्षी नवी. दूध, गॅस, शाळेची फी, किराणा, आईच्या गोळ्या. पैशापैशाचा मेळ घातलेला. बोळातला दिवा काढल्याची तारीख होती, आणि चार दिवसांनी तिनंच तो परत बसवल्याचीही. महिन्याच्या शेवटच्या ओळीला मात्र माझं बोट थांबलं. "दाढ – पुढच्या महिन्यात." मी एक पान मागे गेलो. "दाढ – पुढच्या महिन्यात." आणखी मागे. मग मागच्या वर्षीची डायरी काढली. अशा चौदा ओळी होत्या. मध्ये एके ठिकाणी "आईंचा चष्मा – दिवाळीनंतर" असंही होतं. दिवाळी होऊन गेली होती.

"दुखत नाही का?" मी विचारलं.

"डावीकडून चावते," ती म्हणाली.

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, असं आपण दुसऱ्यांच्या घराबद्दल सहज म्हणतो. आमच्या घरात महिनाभर जे चाललं होतं ते काही वेगळं नव्हतं. आणि आम्ही एकटे नाही. आपण मध्यमवर्गीय माणसं अशीच घरं बांधतो. पायाशी संगमरवर, कारण पाहुण्यांचा हात तिथे लागतो. घुमटाला संगमरवर, कारण लांबून तो दिसतो. टीव्ही, आहेर, मुलाचा मोबाइल, लग्नातला मांडव, सगळं दिसण्यातलं. काटकसर होते ती मधल्या भागात, जिथे कुणी बोट लावून बघत नाही. आईच्या चष्म्यात, बायकोच्या दाढेत, रात्रीच्या दिव्यात. गिलावा नीट घोटला की संगमरवर कुठे संपला ते कळत नाही. आमच्या घरात तो घोटणारा हात एकोणीस वर्षं एकच आहे.

तेव्हा खर्च कमी करायचाच असेल, तर बैठक बोलावण्याआधी घरातली डायरी वाचा. शेवटच्या ओळीपासून उलटी वाचा. तिथे जे 'पुढच्या महिन्यात' आहे, ते या महिन्यात घ्या. आणि मग गीझर बंद करा.

दाढ मंगळवारी काढली. चष्मा शनिवारी मिळेल. टीव्हीचे अकरा हप्ते बाकी आहेत.