हिरवळ खातं, जनरल शिफ्ट

स्टील प्लांटातून रिटायर झालेल्या माणसापुढं बीपी, गुडघे आणि सून यांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. सकाळी आठ वाजता ओरडायचं कुणावर? तीस-पस्तीस वर्षं ब्लास्ट फर्नेसच्या नाहीतर रेल मिलच्या आवाजावर आवाज चढवून बोललेल्या माणसाला घरात हळू बोलणं जमत नाही. घरच्यांवर ओरडण्यात पहिले दोनेक महिने निघतात. मग काकू एके दिवशी कुकरचं झाकण लावता लावता म्हणतात, "अहो, जरा बाहेर जाऊन बसा ना." काका बाहेर येतात, अंगणातल्या हिरवळीवर खुर्ची टाकतात, खाली बघतात आणि त्यांना शत्रू सापडतो.

असे लॉनवाले काका भिलाईच्या प्रत्येक सेक्टरात एखादे तरी असतातच. मी सांगतोय ते पावर हाउसचे, म्हणजे त्या नावाच्या रेल्वे स्टेशनाजवळचे. खरं तर राहतात सेक्टर एकमध्ये, पण रुळांच्या त्या बाजूला जी. ई. रोड, बाजार नि कॅम्प आणि या बाजूला क्वार्टरांच्या रांगा अशी ती जागा असल्यामुळं नागपूर-भंडाऱ्याकडच्या पाहुण्यांना वर्षानुवर्षं "दुर्गला उतरू नका, पावर हाउसला उतरा" असंच सांगितलं गेलं आणि काका कायमचे पावर हाउसचे झाले. पाहुणा फाटकातून आत शिरला की काका "या" म्हणत नाहीत. "कडेनं या," म्हणतात.

नोकरीत असताना त्यांनी हिरवळ पाहिली ती साहेब लोकांच्या बंगल्यांपुढची, सायकलवरून जाता जाता. स्वतःच्या अंगणात तेव्हा वांगी, मिरच्या आणि पोरांचं क्रिकेट. क्वार्टर लीजवर झालं, पोरं पुण्या-बंगलोरला गेली, तेव्हा वांगी उपटून तिथं 'सिलेक्शन नंबर वन' जातीची दूब लागली. नर्सरीवाल्यानं सिलेक्शन नंबर वन म्हटल्यामुळं काकांना ती सरकारी भरतीतून निवडून आल्यासारखी वाटली असावी. पण दूब म्हणजे आपली हराळी, गणपतीच्या दूर्वांची. त्यांचे नव्वदीकडे झुकलेले वडील भंडाऱ्याहून आले होते. धानाच्या बांधीत शिरणारी धुऱ्यावरची हराळी खणून काढण्यात म्हाताऱ्याचा जन्म गेलेला. त्यांनी पोराच्या हातातला पाइप पाहिला, मग जमीन पाहिली, पुन्हा पोराकडं पाहिलं. "काऊन बे, हराळीले पानी देऊन राह्यला तू?" म्हणाले, आणि परतीच्या गाडीची चौकशी करू लागले.

काकांचा दिवस जनरल शिफ्टचा. आठला हजेरी. अंगात जुना खाकी शर्ट, पायात सेफ्टी शू, कारण "साप-बीप निघतो पावसाळ्यात." हातात हॅक्सॉचं तुटकं पातं ग्राइंडरवर घासून आणि त्याला सुतळी गुंडाळून स्वतः केलेलं खुरपं. बाजारचं खुरपं ते वापरत नाहीत, त्याचं पोलाद काकांना पसंत नाही. काम झालं की डायरीत नोंद होते. मी ती चोरून पाहिली आहे. "८.१५. ईशान्य कोपरा. लव्हाळा नऊ नग. मुळासकट चार. बाकी तुटले. पुढील शिफ्टला कळवावे." पुढील शिफ्टही तेच, चहा झाल्यावर.

हा लव्हाळा म्हणजे त्यांच्या आयुष्याचं कारण आहे असं म्हटलं तरी चालेल. वर तीन-चार चकाकती पाती, आवेश काही नाही, उपटायला गेलं तर अगदी सहज हातात येतो. तिथंच फसगत. खाली मातीत कंद असतो, त्या कंदापासून दोऱ्यासारखं खोड निघून पुढचा कंद, त्याच्यापुढं आणखी एक, अशी जपमाळ पसरलेली असते. वरचा शेंडा तोडला की इतके दिवस झोपलेले खालचे कंद जागे होतात. एक उपटा, पंधरवड्यात त्याच जागी तिघं हजर. जगातल्या सगळ्यांत त्रासदायक तणांची यादी शास्त्रज्ञांनी केली तेव्हा पहिला नंबर यालाच दिला. ही माहिती कळल्यापासून काकांची छाती थोडी पुढं आली आहे. आपल्या अंगणात साधासुधा कुणी नाही!

शेजारच्या वाचनप्रेमी बाईंनी एकदा त्यांना तुकोबांची आठवण करून दिली. महापुरात मोठी झाडं जातात आणि नम्र लव्हाळा राहतो, यात काही शिकण्यासारखं आहे, असं त्या म्हणाल्या. काका खुरपं थांबवून म्हणाले, "तुकोबांचं लॉन नव्हतं, ताई."

घरातही एकमत नाही. दिवाळी आली की काकू पावर हाउसच्या बाजारातून उटण्याचं सामान आणतात. आंबेहळद, कचोरा, वाळा आणि नागरमोथा. नागरमोथा म्हणजे याच लव्हाळ्याचा वाळवलेला कंद. वर्षभर जे पोत्यानं फेकलं तेच पुडीत पैसे देऊन परत घरात आलेलं पाहून काका दरवर्षी चिडतात आणि दरवर्षी अभ्यंगस्नानाला तेच अंगाला लावून बसतात. "मग घरचाच धुवून वाळव ना," असं त्यांनी एकदा सुचवलं होतं. काकूंनी त्या पोत्याकडं आणि शेजारून जाणाऱ्या कुत्र्याकडं पाहिलं, आणि विषय मिटला.

पण काकांची खरी पंचाईत भिलाईनं केली आहे. देशाच्या सगळ्या प्रांतांतून माणूस आणून हे गाव वसवलं. त्यामुळं एखादं तण सर्वांनी मिळून तण मानावं, अशी सोयच इथं राहिली नाही. पहिल्या पावसाबरोबर तरोटा उगवतो. काकांनी हातात धरला की कामाला येणारी छत्तीसगढी बाई धावत येते. "एला झन फेंकव बाबूजी, चरोटा भाजी रांधबो." पदरात भरून घेऊन जाते. घोळीचं जाळं दिसलं की डाव्या हाताचे तेलुगू शेजारी कुंपणावरून वाकतात. त्यांच्याकडं ती डाळीत पडते, आणि घोळ उपटल्याबद्दल काकांना संध्याकाळी वाटीभर गंगवायल पप्पू पोचतो. घोळीचीच धाकटी बहीण चिवळ आली तर ती काकूच कुणाला हात लावू देत नाहीत. वऱ्हाडातल्या माहेराची भाजी ती. पुनर्नवा मागच्या मल्याळी मावशींच्या तोरनमध्ये जाते, आणि नळाजवळच्या ओलीत पसरलेली गोल पानं बंगाली दादांना पोटासाठी हवी असतात. ते तिला थानकुनी म्हणतात आणि तिच्याविषयी इतक्या हळुवारपणे बोलतात की काकांनी त्या नळाजवळ खुरपं नेणं सोडून दिलं आहे. "च्यामायला," काका मला म्हणाले, "मी तण काढून राह्यलो का भाजीमंडी चालवून राह्यलो?"

गाजरगवत तेवढं कुणी खात नाही. ते अंगाला लागलं तर पुरळ उठतं, दमेकऱ्याला त्याचा पराग सोसत नाही, आणि एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. म्हणून काकांचा जीव त्याच्यावर. निर्भेळ शत्रू! त्याचा इतिहासही त्यांनी आपल्या सोयीनं लावून ठेवला आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत रशियाशी भिलाईच्या कारखान्याचा करार झाला आणि त्याच वर्षी पुण्यात हे गवत पहिल्यांदा नजरेस पडलं. रशियानं पोलाद दिलं, अमेरिकेनं गव्हातून तण पाठवलं, इतकंच शीतयुद्ध काकांना ठाऊक आहे. गव्हाची गोष्ट लोक सांगतात तितकी सरळ नसावी, पण काकांपुढं हा मुद्दा काढण्यात अर्थ नाही. सेफ्टी शू घातलेल्या माणसाशी वाद घालू नये.

भाचीच्या लग्नाला अमरकंटक एक्स्प्रेसनं सगळे जबलपूरला गेले होते. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडी मंडळी भेडाघाटचे संगमरवरी कडे बघायला निघाली. काका मुंडावळ्या सुटायच्या आत अधारतालला पोचले. तिथं १९८९ पासून देशाची तणसंशोधन संस्था आहे. तण या एका विषयावर माणसं पगार घेतात हे पाहून त्यांना आपली नोकरी चुकीच्या खात्यात गेली असं वाटलं असणार. तिथं त्यांनी मेक्सिकन भुंग्याची कथा ऐकली. १९८४ मध्ये बंगळुरूला सोडलेला हा भुंगा मुख्यतः गाजरगवतच खातो, बाकी कशाला सहसा तोंड लावत नाही. काका एक छिद्रं पाडलेली डबी घेऊन परतले. रात्री बिलासपूरच्या आसपास वरच्या बर्थवरच्या बाईंनी किंचाळून दिवा लावला. पुढचा अर्धा तास काका डब्यातल्या प्रवाशांना समजावत होते, "ये कुछ नहीं करेंगे, ये सिर्फ गाजरघास खाते हैं," आणि प्रवासी आपण गाजरघास नसल्याचा भरवसा वाटेपर्यंत पाय वर घेऊन बसले होते. भुंग्यांनी नंतर नाल्याकाठी बरं काम केलं. पाऊस संपला तसे ते मातीत जाऊन झोपले. "सीझनल लेबर," काकांनी डायरीत लिहिलं.

आता मला जे दिसतं ते मी काकांना कधी सांगितलेलं नाही. त्यांच्या लॉनमधलं निम्मं तण त्यांनीच पाळलेलं आहे. गवत ते मिल्ट्री कट कापतात, अगदी कातडी दिसेपर्यंत. दूब एका वेळी वरचा तिसरा हिस्सा कापावी, म्हणजे तिची सावली मातीवर राहते आणि खाली पडलेलं बी उगवायला ऊन मिळत नाही. पाणी ते रोज देतात, थोडं थोडं. त्यानं हराळीची मुळं वरच्यावर राहतात आणि लव्हाळ्याची चैन होते. चार दिवसांनी एकदा पोटभर दिलं तर हराळी खाली उतरते. आणि दर मृगाच्या तोंडावर ते खटालातून ट्रॉलीभर शेणखत आणतात, अर्धकच्चं, वाफ न धरलेलं. गाईनं वर्षभर रस्त्याकडेला जे जे खाल्लं त्याचं बी त्यात शाबूत असतं. काका ट्रॉलीचं भाडं देऊन पुढच्या वर्षाचा शत्रू घरपोच मागवतात. सांगावं की नाही, असा विचार मी अनेकदा केला. पण लॉन साफ झालं तर काका घरात येतील, आणि काकूंनी माझं काय वाकडं केलंय?

विषाचा प्रयोग एकदाच झाला. दुकानदारानं विचारलं, "चौडी पत्ती का, या मोथा का?" चौड्या पानांवरचं औषध गवताला सोडून बाकीच्यांना मारतं, पण लव्हाळा त्याला भीक घालत नाही. शेवटी काकांनी ग्लायफोसेट आणलं, जे हिरवं दिसेल त्याला मारतं. ते फवारायचं नाही इतकं त्यांना कळत होतं. म्हणून नातवाच्या चित्रकलेच्या पेटीतला बारीक ब्रश घेऊन, हातमोजे चढवून, चष्मा नाकावर ओढून त्यांनी लव्हाळ्याचं एकेक पातं रंगवायला घेतलं. काम नामी झालं. फक्त मधे बाटली लवंडली आणि त्या दिवशी नेमके सेफ्टी शू धुऊन वाळत टाकलेले असल्यामुळं चपलेचा तळ भिजला. ग्लायफोसेट लगेच काही दाखवत नाही. आठवड्याभरानं हिरवळीवर पिवळी पावलं उमटली, डावं, उजवं, डावं, उजवं, अंगठ्याच्या झिजलेल्या कोपऱ्यासकट. ती लव्हाळ्यापासून निघून घराकडं न येता मागच्या पेरूकडं गेली होती, पेरूमागं बराच वेळ एका जागी उभी राहिली होती आणि मग परत आली होती. काकूंनी पावलापावलानं जाऊन पेरूच्या बेचक्यातून तंबाखूच्या खर्र्याची पन्नी काढली. काकांनी खर्रा सोडून तेव्हा तीन वर्षं झाली होती, निदान घरच्या कागदपत्रांत.

त्यानंतर विष बंद. मे महिन्यात आता 'कॅपिटल रिपेअर' होतं. वाईट झालेला कोपरा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत दाबतात. भिलाईचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेला की खालची माती शिजते, बरंचसं बी मरतं. खोलवरचे कंद मात्र थंड राहतात आणि जूनमध्ये वर येऊन काकांची ड्युटी पक्की करतात. गेल्या वर्षी ते प्लॅस्टिक पाहून कुणीतरी "कार्य कुणाचं?" म्हणून विचारून गेलं.

भाद्रपदात मात्र काकांचं लॉन सार्वजनिक होतं. कापलेल्या हिरवळीला दूर्वेची कोवळी तिपानी येत नाहीत, म्हणून चतुर्थीआधी आठ-दहा दिवस यंत्राला शटडाऊन. मग मराठी घरांतली पोरं पहाटे टोपल्या घेऊन येतात. काका खुर्चीवर बसून "कडेनं, कडेनं" करत राहतात. यंदा मंडळाच्या गणपतीच्या पहिल्या आरतीला ते पुढच्या रांगेत होते. झांजा सुरू झाल्या, सगळ्यांचे डोळे मिटले, आणि काकांचे उघडे राहिले. एकवीस दूर्वांच्या जुडीतून एक चकाकतं पातं इतरांपेक्षा बोटभर वर डोकावत होतं. पोरांनी घाईत लव्हाळा तोडला होता. काकांनी दोनदा काकूंकडं पाहिलं. मग टाळ्या वाजवत वाजवतच मखरापर्यंत सरकले, दोन बोटांनी ते पातं बाप्पाच्या जुडीतून अलगद ओढून काढलं आणि डोळ्यांजवळ धरलं. बुडाशी तुटलेलं होतं. पुजाऱ्यांनी कापूर लावला तेव्हा काका मंडपाच्या मागच्या बाजूला एका पोराला दंडाला धरून विचारत होते, "कुठून तोडला बे हा? जागा दाखव. कंद अजून तिथंच हाय."