तिजोरीचा खडखडाट आणि मोकळी मने

विद्यापीठाच्या तिजोरीत जोवर द्रव्य असते तोवर कुलगुरूंस आपल्या सेवकवर्गाशी बोलण्याची निकड फारशी भासत नाही, आणि वेतन महिन्याच्या महिन्याला बिनबोभाट जमा होत असल्यामुळे सेवकवर्गासही कुलगुरूंच्या वाणीची तहान लागत नाही. परंतु अनुदानाचा ओघ आटला, निवृत्तिवेतन लांबू लागले आणि वित्ताधिकाऱ्यांच्या दालनाची कडी आतून लागू लागली की प्रशासनाच्या अंतःकरणास आत्मीयतेचा एकाएकी उमाळा येतो, आपण सारे एकाच कुटुंबातील आहोत असा साक्षात्कार होतो, आणि मोकळ्या मनाने बोलण्यासाठी सर्वांनी अमुक दिवशी सभागृहात उपस्थित राहावे, गैरहजेरीची नोंद घेतली जाईल, असे परिपत्रक निघते. कर्नाटकाच्या राजधानीत सध्या या आत्मीयतेस चांगला बहर यावा अशी परिस्थिती आहे.

ती परिस्थिती कशी निर्माण झाली हे पाहणे उद्बोधक आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या बेंगळुरू विद्यापीठाचे २०१७ च्या सुमारास त्रिभाजन झाले. मूळ विद्यापीठ ज्ञानभारतीच्या विस्तीर्ण आवारात राहिले, दुसरे शहराच्या मध्यावरील सेंट्रल कॉलेजच्या जुन्या वास्तूत बसले आणि तिसऱ्याची रवानगी कोलारास झाली. विद्यापीठाचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यत्वे संलग्न महाविद्यालयांकडून येणारे शुल्क आणि परीक्षेची फी. महाविद्यालये वाटली गेली त्याबरोबर ते उत्पन्नही वाटले गेले. निवृत्त झालेली माणसे मात्र जुन्याच दप्तरात राहिली, कारण पेन्शनरांचे त्रिभाजन करण्याची युक्ती अद्याप कोणत्याही सरकारास साधलेली नाही. त्यावर, निवृत्तिवेतनाचा भार विद्यापीठांनी आपल्या अंतर्गत उत्पन्नातून सोसावा, असा उपदेश सरकारकडून होऊ लागला. उत्पन्न काढून घेतल्यावर स्वावलंबनाचा उपदेश करणे हा राज्यकारभाराचा सनातन अलंकार आहे.

पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीने, आधीच्या सरकारने नव्याने काढलेल्या विद्यापीठांपैकी नऊ विद्यापीठे पैशाअभावी मिटवून मूळ विद्यापीठांत विलीन करावीत, असे मत दिले. हावेरी, हासन, कोडगू, कोप्पळ, चामराजनगर, बागलकोट येथील अध्यापक आणि कारकून यांस आपण बुडालेल्या संस्थेचे सेवक असल्याची वार्ता बहुधा वर्तमानपत्रातून कळली असावी. कारण विद्यापीठ जन्मास घालताना कोनशिलेपाशी सर्वांस पाचारण करण्याची चाल आहे, तिरडी बांधताना मात्र आप्तांस कळविण्याची चाल नाही. मार्चमधील अर्थसंकल्पात सेंट्रल कॉलेजातील त्या दुसऱ्या, म्हणजे बेंगळुरू सिटी, विद्यापीठास डॉ. मनमोहन सिंग यांचे नाव देण्याची घोषणा झाली. थोर अर्थशास्त्रज्ञाचे नाव धारण केल्याने अर्थ आपोआप प्राप्त होतो, ही श्रद्धा आमच्या नामसंकीर्तनाच्या परंपरेशी सुसंगत आहे, आणि नामसंकीर्तनास खर्चही बेताचाच येतो.

काही उतावळे लोक या निमित्ताने विचारतात की, ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांस आधी का विचारले नाही? त्यांनी बेंगळुरूचा इतिहास वाचलेला नाही, असेच म्हणावे लागेल. मराठी माणसास तो ठाऊक असावयास हवा. शहाजीराजांची ही जहागीर. १६३८ नंतर त्यांचा संसार आणि दरबार येथे नांदला. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांचे बस्तान तंजावरास बसले, दूरच्या बेंगळुरूचा बंदोबस्त खर्चिक होऊ लागला, तेव्हा त्यांनी हे शहरच्या शहर तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांस विकावयास काढले. सौदा पुरा होण्यापूर्वी १६८७ साली मोगलांचा कासीम खान आत शिरला, आणि त्याच्या हातून शहर अखेर म्हैसूरकरांकडेच गेले. तीन धन्यांच्या या देवघेवीत पेठेतील कोष्ट्यांस, सावकारांस अथवा शिबंदीतील शिपायांस मोकळ्या मनाने बोलण्यासाठी कोणी पाचारण केल्याचे माझ्या वाचनात नाही. खर्च परवडेना म्हणून मालमत्ता मोडीत काढणे आणि मालमत्तेत राहणाऱ्यांस ते सर्वांत शेवटी कळविणे, ही या नगरीची तीनशे वर्षांची वहिवाट आहे. विद्यापीठांनी तिचे पालन केले तर त्यांस दोष कसा द्यावा?

यावर कोणी म्हणेल की ते राजेलोकांचे युग होते, विद्वानांच्या राज्यात असे घडणार नाही. त्याच्यासाठी याच शहरातील टाटांच्या संस्थेचा, म्हणजे १९०९ साली स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचा, वृत्तांत पाहण्याजोगा आहे. तिचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांच्यासह निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू शोधले होते. सहसा कोणाशी संयोग न पावणाऱ्या या तीन अबोल तत्त्वांच्या सहवासात ज्याचे तारुण्य गेले, त्याहून आदर्श प्रशासक कोठे मिळणार? तरीही कारभारी मंडळाशी त्यांचे जमले नाही आणि १९१४ मध्ये ते पद सोडून गेले.

१९३३ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन हे पहिले भारतीय संचालक झाले. काळ जागतिक मंदीचा होता, द्रव्य मर्यादित होते आणि रामन यांस भौतिकशास्त्राचा नवा विभाग उभारावयाचा होता. साहजिकच इतर विभागांच्या, विशेषतः रसायनाच्या, वाट्यास कात्री लागली. हेतू उदात्त होता, पण कात्री कोठे आणि किती लागणार याची मसलत ज्यांचे कापड कापावयाचे त्यांच्याशी पुरेशी झाली नाही, आणि असंतोष दालनादालनांतून मुरत राहिला. मग तो एका सभेत फुटला. रामन यांनी जर्मनीतून परागंदा झालेले भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांस बोलावून घेतले होते आणि त्यांच्यासाठी कायम प्राध्यापकपद निर्माण करण्याचा प्रस्ताव मांडला होता. विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक ॲस्टन उठले, आणि मायदेशातून हाकलून दिलेला दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस आपल्याला नको, अशा आशयाचे भाषण त्यांनी खुद्द बॉर्न यांच्या समक्ष केले. हेच ॲस्टन येथे नवे आले तेव्हा बॉर्न यांच्याच घरी पाहुणे म्हणून उतरले होते. बॉर्न घरी येऊन रडले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. या दुय्यम दर्जाच्या गृहस्थास १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मोकळेपणाने बोलणे याहून अधिक कोणते असू शकेल? मात्र लक्षात घ्यावयाचे ते असे की, मूळ तक्रार जमाखर्चाची होती आणि तिचा आसूड बसला तो ज्याने संस्थेचा एक रुपयाही इकडचा तिकडे केला नव्हता त्याच्या पाठीवर. हिशेब जेथे कोंडलेला असतो तेथे तोंडे मोकळी सोडली की असेच घडावयाचे. १९३६ मध्ये सर जेम्स आयर्व्हिन यांची चौकशी समिती आली, तिने रामन यांच्या कारभारावर ताशेरे ओढले, आणि १९३७ साली रामन यांस संचालकपद सोडून केवळ प्राध्यापक म्हणून राहावे लागले. ज्या संस्थेत विश्वातील प्रकाशाचे विकिरण मोजता येत होते, तेथे पैसा कोणत्या विभागातून कोणत्या विभागात विकिरित झाला हे मोजावयास स्कॉटलंडहून माणूस आणावा लागला.

त्या काळात यशस्वी संवादाचे जे एक उदाहरण आढळते ते मराठी आहे. मुंबई विद्यापीठात उत्तम गुण मिळवून आलेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांस १९३३ साली केवळ स्त्री म्हणून रामन यांनी प्रवेश नाकारला. त्यांनी नकाराचे कारण विचारले, ते समाधानकारक न मिळाल्याने त्या मागे हटल्या नाहीत, आणि अटींवर का होईना, प्रवेश घेऊनच राहिल्या. त्यांनी परिपत्रकाची वाट पाहिली नव्हती. पण ही रीत प्रशासनास मानवणारी नसल्याने ती अनुकरणीय म्हणून सुचवता येत नाही.

प्रशासनास मानवणारी रीत निराळी आहे. सभेचा प्रारंभ दीपप्रज्वलनाने आणि नाडगीताने, म्हणजे कर्नाटकाच्या राज्यगीताने, व्हावा. व्यासपीठावरील प्रत्येक मान्यवरास म्हैसुरी पेटा, शाल, चंदनी हार आणि फळांची परडी अर्पण करावी, कारण काटकसरीचे महत्त्व विशद करणाऱ्या वक्त्याच्या मांडीवर सफरचंदे असली म्हणजे श्रोत्यांस विषयाचे गांभीर्य पटते. नंतर पडद्यावर रंगीत आलेख दाखवावेत, परंतु त्यांवरील आकडे मागच्या रांगेतून वाचता येणार नाहीत अशा आकाराचे असावेत. प्रश्न लेखी स्वरूपात आगाऊ कुलसचिवांकडे द्यावेत, म्हणजे उत्स्फूर्ततेस शिस्त लागते. वीस वर्षे टिपणे लिहीत आलेल्या एखाद्या कारकुनाने, किंवा सत्रासत्राला नेमणूकपत्राची वाट पाहणाऱ्या अतिथी व्याख्यात्याने, अमुक निधी कोठे गेला असे विचारलेच, तर विषय सिंडिकेटच्या विचाराधीन आहे, सबब आज त्यावर बोलणे उचित नाही, असे उत्तर द्यावे. आणि तोच प्रश्न पुढील सभेत आला तर सिंडिकेटने निर्णय घेतलेला आहे, सबब आता त्यावर बोलून उपयोग नाही, असे उत्तर द्यावे. या दोन उत्तरांच्या मध्ये संवादाचा जो मुहूर्त असतो तो एखाद्या निष्णात ज्योतिष्याकडूनच काढून घ्यावा लागेल. शेवटी खाराभात, केसरीभात आणि फिल्टर कॉफी होऊन आभारप्रदर्शनात सर्वांच्या सहकार्याची नोंद व्हावी.

आता एखादा साधाभोळा अध्यापक म्हणेल की, आम्हांस ना भाषण हवे ना केसरीभात. अंदाजपत्रकाचा मसुदा वित्तसमितीपुढे जाण्याआधी सर्व रकमांनिशी आमच्यापुढे ठेवा, वाईट वार्ता असेल तर ती वर्तमानपत्राआधी आम्हांस सांगा, आणि मग आमच्या वाट्याची तूट आम्ही सोसू. मागणी वाजवी दिसते, आणि म्हणूनच ती अत्यंत घातक आहे. हिशेब उघडा पडला तर ज्यांनी आयुष्यभर दौतीपासून पंख्यापर्यंत प्रत्येक वस्तूची मागणी तीन प्रतींत लिहिली आहे ती माणसे तो बारकाईने वाचतील. कोणती मोटार अनावश्यक आहे, कोणता समारंभ टाळता येईल आणि कोणत्या कमानीवाचून विद्येचे काहीही अडणार नाही, हे त्यांस तासाभरात उमजेल. आणि मग काटकसरीस शिपायाच्या गणवेशापासून प्रारंभ करण्याऐवजी ती वरच्या मजल्यावरून करण्याची आपत्ती ओढवेल. हा धोका ओळखूनच प्रशासनाने मने मोकळी ठेवण्याचे आणि खतावणी बंद ठेवण्याचे धोरण स्वीकारले असावे, आणि त्या धोरणास सेवकवर्गाने मोकळ्या मनाने पाठिंबा द्यावा, अशी अपेक्षा पुढील परिपत्रकात नमूद होईलच.