काट्यावरची जिप्सी

जिप्सीला सस्पेन्शन असते, हे तिच्या मागच्या बाकावर बसून आलेल्या पाहुण्याला पटवणे अवघड आहे. मारुतीने 1985 साली ती आणली तेव्हा चारही चाकांवर पोलादी पाटे होते. पुढे 970 सीसीचे इंजिन जाऊन 1300 सीसीचे आले, कार्बोरेटर गेला, बॉनेटखाली बरीच उलथापालथ झाली. पाटे मात्र उत्पादन थांबेपर्यंत जागचे हलले नाहीत. गाडी रिकामी असेल तर ते खड्ड्यातही हलत नाहीत. जेमतेम टनभराच्या गाडीला जवान आणि त्यांचे सामान पेलतील असे पाटे दिल्यावर एकट्यादुकट्या माणसाच्या वजनाची त्यांनी दखल तरी का घ्यावी?

म्हणून जुनी जिप्सी घेणारा माणूस आरटीओत नाव लागायच्या आधीच नव्या सस्पेन्शनच्या शोधात निघतो.

पुण्यातले एक बँक अधिकारी असेच निघाले. गरज साधी होती. वेल्ह्यापलीकडे सासऱ्यांची जमीन, आणि तिथवर पोचायचा शेवटचा टप्पा काळ्या दगडगोट्यांचा. पावसाळ्यात तोच ओढा होतो. खरेदीची तयारी मात्र लडाखची चालली होती. लडाखला कधी जायचे ते ठरले नव्हते, रजेचा अर्जही दिला नव्हता. पण शॉकअप निवडून ठेवायला रजा लागत नाही.

भाच्याने त्यांना ऑस्ट्रेलियाच्या नादी लावले. ओल्ड मॅन इमू, टफ डॉग, आयर्नमन! नावे ऐकून सुटे भाग मागवायचेत की आखाड्यात पैलवान उतरवायचेत, असा प्रश्न पडावा. तरी ही पोकळ बढाई नव्हे. तिकडचा गिब रिव्हर रोड सुमारे 660 किलोमीटरचा, आणि त्यातला मोठा भाग कच्चा. मुरमावर एकापुढे एक अशा आडव्या वळ्या पडलेल्या असतात. शॉकअपचे काम गाडीच्या उड्यांची उष्णता करून टाकण्याचे. या वळ्यांवर त्याला तासन्‌तास उसंत मिळत नाही. आतले तेल तापते, त्यात वायू मिसळून फेस होतो, आणि फेस झडपांमधून बिनविरोध निघून जातो. मग गाडी उडतच राहते. यावर उपाय एकनळी शॉकअप. त्यात तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो, त्यामुळे दोघांची गाठभेटच होत नाही. शिवाय नळी एकच असल्याने उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते. जर्मनीच्या बिल्स्टाइनने या जातीच्या शॉकअपवरच नाव कमावले. साहेबांनी रंगसुद्धा ठरवला.

गॅरेजच्या मिस्त्रींनी चित्र पाहिले आणि विचारले, "साहेब, दगड कुठून उडणार?"

प्रश्न मुद्द्याचा होता. एकनळी शॉकअपची बाहेरची भिंत हीच पिस्टनची वाट. तिला दगडाने पोचा आला की पिस्टन अडकतो. दुनळीत बाहेरची नळी मार खाते आणि आतली आपले काम करत राहते. वेल्ह्याकडे वळ्या कमी आणि धोंडे फार. तिथे पहिल्या गिअरमध्ये जाताना तेल उकळण्याआधी चालकच उकळतो. टिकाऊपणा किमतीच्या पट्टीने मोजणाऱ्यांना हे पटत नाही, साहेबांनाही पटले नाही. ते म्हणाले, "मग निदान शॅकल लांब लावू, गाडी उंच तरी दिसेल." दोन इंच लांब शॅकलने गाडी इंचभरच वर जाते, पण पुढच्या चाकांचा कोन बिघडून सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकायला लागते. आणि वाढलेल्या उंचीला जुना शॉकअप आखूड पडला की खड्ड्यात चाक खाली लटकताना तो पुरता ताणला जाऊन हिसके खातो. शॉकअप पुष्कळदा असे हिसके खाऊनच जातात आणि नाव मात्र कंपनीचे खराब होते.

खरा पेच पुढेच होता. चांगल्या सस्पेन्शनचा विक्रेता गाडीत किती भार असतो हे आधी विचारतो, कारण स्प्रिंग त्यावरून ठरते. साहेबांनी 'किरकोळ सामान' असे लिहिले होते. मिस्त्रींनी गाडी साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर न्यायला लावली. ऊस घालणारा शेतकरी काटामारीच्या भीतीने आकड्याकडे डोळे लावून उभा राहतो. साहेब मात्र कुणीतरी आज काटा मारावा अशी प्रार्थना करत उभे होते. काटा प्रामाणिक निघाला. कागदावर हजाराच्या आसपास असलेली गाडी चौदाशेच्या पुढे गेली होती.

"तरी मी सांगत होतो, तुझ्या त्या लोणच्याच्या बरण्या," साहेब म्हणाले.

"अहो, बरण्या घरी आहेत," वहिनी म्हणाल्या. "खाली उतरून बंपर बघा."

बंपर पोलादी होता. त्याच्यावर विंच, वर टपावर कॅरिअर, त्यात दुसरी स्टेपनी, दोन जेरीकॅन, फावडे आणि हातभर उंचीचा जॅक. विंच आजवर एकदाच वापरली गेली होती, ती सोसायटीच्या वॉचमनला दाखवायला. शिवाय असला बंपर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्येही बसत नाही. पण आरटीओपेक्षा तो पुढच्या पाट्यांना जास्त जाचत होता.

मिस्त्रींनी सगळे उतरवून घेतले. मग बसवले ते ऑस्ट्रेलियाचेही नव्हते आणि जर्मनीचेही: नवे पाटे, योग्य लांबीचे साधे दुनळी गॅस शॉकअप, आणि रबरी बुश. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात, पण ते कडक असतात आणि किरकिरतात. जिप्सीत आधीच बरेच आवाज असतात. जाताना मिस्त्रींनी दोन गोष्टी बजावल्या. पाट्यांची कुरकुर थांबवायला जळके ऑइल ओतायचे नाही, त्याने रबर सडते. आणि पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट आवळायला यायचे. ते ढिले राहिले तर मधला बोल्ट तुटून ॲक्सल जागा सोडतो.

साहेब यू-बोल्ट आवळायला वेळेवर आले. उतरवलेला बंपर आणि विंच मात्र भंगारात गेली नाहीत. भाच्याने दोन्ही आपल्या नव्या थारला लावली. थारचे नाक खाली गेले, आणि हल्ली तो पुढच्या जड स्प्रिंगांबद्दल ऑस्ट्रेलियातल्या विक्रेत्यांना विचारणा करतो आहे. भार किती, या रकान्यात त्याने 'किरकोळ' असे लिहिले आहे.