दमदार गुन्हा

बेंगळुरूत जुन्या पिकअपला वेगळे इंजिन बसवायचे, तर सुटे भाग जे. सी. रोडवर शोधता येतात. घोडे अडते ते आरसी बुकात. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 म्हणते, निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल नको. परवानगीने सीएनजी वा बॅटरीचे किट मात्र चालेल. म्हणजे डिझेल काढून बॅटरी आली तर प्रगती, दुसरे दमदार डिझेल आले तर गुन्हा! नियम सुरक्षिततेसाठी आहे, असे कोणी म्हणेल. मान्य, वाढीव ताकदीला जुने ब्रेक आणि चासी पुरतीलच असे नाही. मग ब्रेक आणि चासी तपासा की! वेगाची भीती असेल, तर संध्याकाळी सात वाजता सिल्क बोर्ड चौकाच्या वाहतूक कोंडीत या. तिथे सगळी इंजिने सारखीच.